प्लाझ्मात धुळीचा स्फटिक बसवायचा कसा

चेंबर उभं राहतं, आरगॉन पेटतो, जांभळट उजेड पडतो आणि त्याच उत्साहात पावडरची डबी जोरात हलवली जाते. आत ढग उठतो, काचा पांढऱ्या होतात, कॅमेऱ्यात नुसतं धुकं दिसतं. एमएस्सीच्या प्रकल्पांत धूळ-प्लाझ्माचा प्रयोग, म्हणजे प्लाझ्मात बारीक भारित कण तरंगवून ते एकमेकांना ढकलत जाळीसारखे, स्फटिकासारखे बसतात ते बघण्याचा प्रयोग, बहुतेक वेळा इथेच मरतो. भौतिकशास्त्र क्वचितच चुकलेलं असतं, क्रम चुकलेला असतो. धूळ या प्रयोगात सगळ्यात शेवटी येते. ती येण्याआधी निर्वात, प्लाझ्मा, लेसर आणि कॅमेरा ही चारही अंगं एकेकटी तपासून झालेली हवीत.

इथे दिलेली पद्धत आरएफ, म्हणजे रेडिओ-वारंवारतेच्या विजेने पेटवलेल्या, प्लाझ्मात एका थराचा स्फटिक बसवण्याची आहे. आकडे साधारण १० सेंटिमीटर व्यासाच्या इलेक्ट्रोडचे आणि १० लिटरच्या आसपासच्या चेंबरचे आहेत.

## आधी वहीत: कण तरंगणार की पडणार?

सामान मागवण्याआधी हा हिशेब करा. तो न केल्यामुळे चुकीच्या मापाची पावडर येते आणि वर्ष वाया जातं.

प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन हलके आणि वेगवान असतात, त्यामुळे आत पडलेल्या कणावर आधी तेच आदळतात. कण ऋणभारित होत जातो आणि येणारे इलेक्ट्रॉन व येणारे आयन यांचा तोल साधला की थांबतो. आरगॉनमध्ये कणाचा विभव साधारण इलेक्ट्रॉन तापमानाच्या अडीच पट ऋण असतो. इलेक्ट्रॉन तापमान ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरलं तर उणे ७ व्होल्टच्या आसपास. ९ मायक्रोमीटर व्यासाच्या कणावर यातून सुमारे २२ हजार इलेक्ट्रॉनांचा भार निघतो. प्रत्यक्षात आयन वाटेत वायूच्या अणूंवर आपटतात, त्यामुळे भार यापेक्षा कमी भरतो. हिशेबाला १५ हजार धरा.

आता वजन. कण म्हणून वापरायच्या गोळ्या मेलामाइन फॉर्माल्डिहाइड या प्लास्टिकच्या, त्याची घनता घनमीटरला १५१० किलो. ९ मायक्रोमीटरच्या गोळीचं वस्तुमान ५.८ गुणिले १० चा उणे १३ वा घात किलो येतं. ती उचलून धरायला मीटरला सुमारे २४०० व्होल्ट इतकं विद्युतक्षेत्र लागतं. प्लाझ्माच्या उजळ मधल्या भागात इतकं क्षेत्र नसतं. ते असतं खालच्या इलेक्ट्रोडलगतच्या काही मिलिमीटरच्या अंधाऱ्या पट्ट्यात, म्हणजे शीथमध्ये. कण तिथे वरच्या काठाजवळ तरंगतात. ते चेंबरच्या मध्यावर तरंगतील अशी अपेक्षा ठेवून लेसर मध्यावर लावणारे बरेच असतात आणि त्यांना कण दिसत नाहीत.

वजन त्रिज्येच्या घनाने वाढतं, भार मात्र त्रिज्येच्या पटीतच. म्हणून लागणारं क्षेत्र त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. २० मायक्रोमीटरच्या कणाला ९ मायक्रोमीटरच्या कणापेक्षा जवळजवळ पाचपट क्षेत्र हवं. पहिल्या प्रयोगासाठी ७ ते १० मायक्रोमीटर हेच माप घ्या.

सावधान: रांगोळी, टाल्कम पावडर, राख यांतून स्फटिक मिळत नाही. कणांची मापं आणि आकार वेगवेगळे असल्याने प्रत्येक कण वेगळ्या उंचीवर बसतो. लाटा बघायच्या असतील तर अशी मिश्र पावडर, म्हणजे केओलिन (पांढरी चिनी माती) किंवा अॅल्युमिना, चालते. पण स्फटिकाला एकाच मापाच्या गोळ्या हव्यात, व्यासातला फरक दोन-चार टक्क्यांच्या आत. बारीक पावडर हाताळताना कोणत्याही परिस्थितीत मास्क लावा, क्वार्ट्झयुक्त पावडर असेल तर विशेष.

## टप्पा १: जागा, वीज, अर्थिंग

१. चेंबरचं टेबल जड हवं आणि रोटरी पंप त्या टेबलावर नको. पंप जमिनीवर ठेवा आणि मध्ये लवचिक बेलोज जोडा. कणांचा उभा अनुनाद, म्हणजे ज्या वारंवारतेला ते वर-खाली सगळ्यात जास्त झुलतात ती, बहुधा १० ते २० हर्ट्झमध्ये येतो आणि टेबलाची थरथरही तिथेच असते.

२. चेंबरवर ऊन पडू देऊ नका. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, खिडकीतून येणारं ऊन चेंबरची एक बाजू तापवतं आणि कण गरम बाजूकडून थंड बाजूकडे ढकलले जातात. थर दुपारी एका कडेला सरकतो आणि संध्याकाळी परत येतो, अशी तक्रार असेल तर आधी पडदा लावा.

३. रोटरी पंपाच्या खोलीत हवा खेळती ठेवा. तेल तापून पातळ झालं की पंपाची ओढ कमी होते आणि तेलाची वाफ चेंबरकडे येते. पंप आणि चेंबर यांच्यामध्ये तेलाची वाफ अडवणारा ट्रॅप बसवा. इलेक्ट्रोडला पाण्याने थंड ठेवायचं असेल तर बोअरचं पाणी सरळ फिरवू नका. आपल्याकडच्या जड पाण्याने नळीत क्षार बसतात आणि एका उन्हाळ्यात वाट बुजते. ऊर्ध्वपातित पाण्याची छोटी टाकी आणि फिरता पंप पुरतो.

४. अर्थिंग स्वतंत्र घ्या आणि मोजून घ्या. काळी जमीन उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, अर्थिंगच्या पाइपला माती चिकटत नाही आणि रोध वाढतो. जूनमध्ये ठीक असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये ठीक असेलच असं नाही, खड्ड्यात पाणी टाका आणि पुन्हा मोजा. आरएफसाठी शिवाय चेंबरपासून जनरेटरपर्यंत रुंद, आखूड तांब्याची पट्टी हवी. गोल वायर कितीही जाड असली तरी १३.५६ मेगाहर्ट्झला तिचा अडथळा मोठा असतो.

५. वीज गेली तर काय होईल, ते आधीच ठरवा. पंप थांबताच बाहेरची हवा तेल घेऊन चेंबरकडे घुसते. वीज जाताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह पंपाच्या तोंडाशी बसवा आणि वीज आल्यावर पंप व आरएफ आपोआप सुरू होणार नाहीत असा कॉन्टॅक्टर लावा. कॅमेरा आणि संगणक यूपीएसवर ठेवा.

तपासा: पंप सुरू करून चेंबरच्या झाकणावर पाण्याची वाटी ठेवा. पाण्यावर तरंग दिसत असतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: चेंबर, इलेक्ट्रोड आणि निर्वात

चेंबर आणि फ्लँज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या टर्निंगवाल्याकडून करून घेता येतात. त्याला ओ-रिंगच्या खाचेबद्दल एक गोष्ट बजावून सांगा. खाचेच्या तळावर आडवा, म्हणजे आतून बाहेर जाणारा एकही ओरखडा नको. खाचेच्या दिशेने गेलेल्या बारीक वर्तुळाकार रेघा चालतात. तो एक आडवा ओरखडा आठ दिवस गळती शोधायला लावतो.

इलेक्ट्रोड बसवताना:

१. खालचा इलेक्ट्रोड आरएफवर आणि चेंबर जमिनीला. वरचा भाग जमिनीला जोडलेली रिंग ठेवा, म्हणजे मधून कॅमेऱ्याला वाट मिळते. अंतर ३ ते ५ सेंटिमीटर.

२. खालच्या इलेक्ट्रोडवर २ ते ३ मिलिमीटर उंचीची धातूची कडी ठेवा. तिच्यामुळे शीथ वाटीसारखं वाकतं आणि कण बाजूला पळत नाहीत. कडी विसरली की कण दिसतात, तरंगतात आणि अर्ध्या मिनिटात कडेने नाहीसे होतात.

३. इलेक्ट्रोड स्पिरिट लेव्हलने दोन काटकोनी दिशांत सपाट करा. टेबल सपाट आहे म्हणून इलेक्ट्रोड सपाट असतोच असं नाही.

४. कण ज्या उंचीवर बसतील तिथे, म्हणजे इलेक्ट्रोडपासून ७-८ मिलिमीटरवर, स्टीलची पट्टी ठेवून कॅमेऱ्याने तिचा फोटो घ्या. पिक्सेलचं माप यातूनच मिळतं. चेंबर बंद झाल्यावर ही संधी नाही.

आता पंप लावा. रोटरी पंपाने ०.१ पास्कलच्या आसपास पोचा, मग चेंबरचा व्हॉल्व्ह बंद करून दर मिनिटाला दाब लिहा. आलेख आधी चढून मग सपाट होत असेल तर भिंतींतून ओल निघते आहे, तासभर आणखी ओढा. आलेख सरळ रेषेत चढत राहिला तर गळती आहे. १० लिटरच्या चेंबरात मिनिटाला अर्धा पास्कल वाढ म्हणजे, तुम्ही आरगॉन ५ एससीसीएमने (मिनिटाला ५ घनसेंटिमीटर, प्रमाण दाब-तापमानाला मोजून) सोडत असाल तर, त्यात सुमारे १ टक्का हवा मिसळते आहे. स्फटिक तरीही बसेल, पण भार आणि तापमानाचे आकडे हवेसकट असतील. गळती शोधायला पिरानी गेज (तापलेल्या तारेवरून दाब मोजणारं) बघत सांध्यांवर कापसाने अॅसिटोन लावा, गळतीच्या जागी काटा हलतो. आरएफ, लेसर आणि इतर ठिणगीची साधनं बंद ठेवूनच.

निर्वाताबाबत आपल्या मराठवाड्याला लवकरच मोठा शेजार मिळणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजा उभ्या राहायच्या आहेत. तिथे लागणारं निर्वात आपल्या या १० लिटरच्या डब्यापेक्षा कितीतरी पटींनी काटेकोर आहे, पण गळती मोजण्याची शिस्त तीच.

सावधान: पिरानी गेज हवेसाठी किंवा नायट्रोजनसाठी जुळवलेलं असतं. आरगॉनमध्ये ते कमी दाखवतं, खरा दाब वाचनाच्या १.६ ते १.७ पट असतो. गेजवर ६ पास्कल दिसले तर आत १० आहेत. ही दुरुस्ती न करता लिहिलेले प्रकल्प अहवाल सर्रास दिसतात आणि त्यांतल्या घर्षणाच्या सगळ्या आकड्यांत तीच चूक उतरते. कपॅसिटन्स गेज परवडत असेल तर तेच घ्या, त्याला वायूशी घेणंदेणं नसतं.

## टप्पा ३: धुळीशिवाय प्लाझ्मा

धुळीशिवाय निदान दोन दिवस प्लाझ्मा चालवा. हा वेळ वाया गेला असं वाटतं, पण पुढची प्रत्येक अडचण इथल्या नोंदींशी ताडूनच सुटते.

१. आरगॉन सोडा, दाब २० पास्कलवर आणा. पेटवायला जास्त दाब बरा, चालवायला कमी. पेटल्यावर १० पास्कलवर या.

२. शक्ती २ ते १० वॅट. इथे मोठा जनरेटर तोट्याचा ठरतो. ३०० वॅटचा जनरेटर ३ वॅटवर स्थिर चालत नाही, प्लाझ्मा लुकलुकतो. २० ते ५० वॅटचा छोटा घ्या, किंवा मोठ्याच्या पुढे शक्ती घटवणारा अॅटेन्युएटर लावा.

३. जनरेटर आणि प्लाझ्मा यांचा मेळ घालणाऱ्या मॅचिंग बॉक्समध्ये इलेक्ट्रोडच्या बाजूला डीसी अडवणारा ब्लॉकिंग कपॅसिटर आहे ना ते बघा. तो नसेल तर इलेक्ट्रोडवर ऋण सेल्फ-बायस, म्हणजे आपोआप तयार होणारा डीसी व्होल्टेज, उभा राहत नाही आणि शीथ पातळ राहतं.

४. परावर्तित शक्ती शून्य आली म्हणजे सगळी शक्ती प्लाझ्मात गेली, असं नाही. मॅचिंग बॉक्सची कॉइल गरम होत असेल तर शक्ती तिथे जिरते आहे. म्हणून वॅटवर विसंबू नका, इलेक्ट्रोडवरचा शिखर-ते-शिखर व्होल्टेज आणि डीसी बायस लिहा. दुसऱ्या दिवशी तीच अवस्था परत आणायला हे दोनच आकडे कामाला येतात.

५. लँगम्युअर प्रोब (प्लाझ्माची घनता आणि तापमान मोजणारी बारीक तार) वापरायचा असेल तर तो आत्ता वापरा आणि मग बाहेर ओढून घ्या. धूळ तरंगत असताना प्रोब घातला तर त्याच्याभोवती कण दूर सरतात आणि तुम्ही प्रोबनेच केलेलं भोक मोजता. आरएफची भरपाई नसलेला प्रोब इलेक्ट्रॉन तापमान फुगवून दाखवतो.

तपासा: रंग जांभळट-निळसर हवा. गुलाबी-लालसर झाक दिसली तर हवा किंवा ओल आत आहे, टप्पा २ कडे परत जा. प्लाझ्मा अर्धा तास न लुकलुकता चालला आणि बायस दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त सरकला नाही, तरच पुढे.

सावधान: आरएफ चालू असताना कनेक्टर काढू नका. आरएफचा चटका कातडीच्या आत भाजतो आणि वरून किरकोळ दिसतो.

## टप्पा ४: लेसर आणि कॅमेरा

हा टप्पा धुळीनंतर करायचा असा समज आहे. तसं केलं तर कण तरंगत असताना तुम्ही लेसर शोधत बसता आणि तोवर थर बिघडतो.

५३२ नॅनोमीटरचा ५० ते १०० मिलिवॅटचा हिरवा लेसर दंडगोल भिंगातून सोडला की उजेडाची आडवी चादर होते. चादरीची जाडी ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठेवा. जास्त जाड असेल तर खालच्या थरातले कणही उजळतात आणि वरून दोन थर एकात मिसळून दिसतात. लेसर वर-खाली सरकवायला मायक्रोमीटरचा स्क्रू असलेला स्टँड हवाच, कारण दाब किंवा शक्ती बदलली की कणांची उंची बदलते. सुरुवातीला चादर शीथच्या डोळ्यांना दिसणाऱ्या वरच्या काठावर आणा.

कॅमेऱ्यापुढे ५३२ नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावा, नाहीतर प्लाझ्माच्या उजेडात कण बुडतात. एक कॅमेरा वरून, दुसरा बाजूने. बाजूचा कॅमेरा साधा चालेल, पण तो हवाच. केवळ वरून बघून "स्फटिक वितळला" असं लिहिलेलं असतं, तेव्हा पुष्कळदा खाली नकळत दुसरा थर बसलेला असतो.

कणाचं चित्र एकाच पिक्सेलवर पडू देऊ नका. कॅमेरा किंचित आउट ऑफ फोकस करा, कण तीन-चार पिक्सेल व्यापेल इतका. चित्र धूसर करणं विचित्र वाटतं, पण केंद्र पिक्सेलच्या अंशापर्यंत काढायला हेच लागतं. पिक्सेल संपृक्त होत असतील तर लेसर कमी करा.

सावधान: या शक्तीचा लेसर डोळ्याला कायमची इजा करतो. ५३२ चे गॉगल लावा, चादर समोरच्या खिडकीतून बाहेर येते तिथे काळा अडसर ठेवा आणि खुर्चीची उंची अशी ठेवू नका की डोळे चादरीच्या पातळीत येतील.

## टप्पा ५: धूळ तयार करणे

आता फक्त धूळ राहिली. आधी किती लागते ते बघा. ९ मायक्रोमीटरच्या कणांच्या १ मिलिग्रॅममध्ये सुमारे १७ लाख कण असतात. एका थराच्या स्फटिकाला हजार ते दहा हजार कण पुरतात. चमचा सोडा, चिमूटही फार झाली.

१. कण ६० अंशांवर रात्रभर वाळवा आणि सिलिका जेलच्या बरणीत ठेवा. पावसाळ्यात दोन दिवस उघडी राहिलेली पावडर गुठळ्या धरते आणि प्रत्येक गुठळी एका जड कणासारखी वागते.

२. डबी धातूची घ्या आणि जमिनीला जोडा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या डबीत कण स्थिर विजेने भिंतींना चिकटून बसतात आणि हलवूनही पडत नाहीत. तळाला ३० ते ५० मायक्रोमीटरची जाळी.

३. डबीत २० ते ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त भरू नका. ती इलेक्ट्रोडच्या बरोबर मध्यावर न ठेवता बाजूने आत येणाऱ्या दांड्यावर बसवा. कण टाकून झाले की दांडा मागे ओढायचा.

तपासा: चेंबरमध्ये लावण्याआधी डबी काचेच्या स्लाइडवर एकदा टिचकी मारून बघा आणि स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरा. एका टिचकीला काहीशे कण, बहुतेक सुटे, असे पडायला हवेत. जोड्या आणि तिकड्या जास्त दिसल्या तर पुन्हा वाळवा. ही पाच मिनिटांची तपासणी नंतरचे दोन दिवस वाचवते.

## टप्पा ६: धूळ सोडणे, थर साफ करणे

१. १० ते १५ पास्कल, प्लाझ्मा स्थिर, लेसर चालू, कॅमेरा रेकॉर्ड करतो आहे. मग एकच टिचकी.

२. थांबा, किमान एक मिनिट. वायूच्या घर्षणाने एकटा कण १० पास्कलला सेकंदाच्या दहाव्या भागात सावरतो, पण सगळ्या थराला एकमेकांत जागा करून घ्यायला वेळ लागतो. अधीरपणे लगोलग दुसरी टिचकी मारणं ही या टप्प्यातली सगळ्यात नेहमीची चूक.

३. चादर वर-खाली फिरवून थर शोधा, मग बाजूच्या कॅमेऱ्यात खाली भटकणारे जड कण बघा.

४. साफसफाई. शक्ती हळूहळू कमी करत न्या. जड कण आणि गुठळ्या आधी इलेक्ट्रोडवर पडतात. प्लाझ्मा विझायच्या बेताला येण्याआधी थांबा आणि शक्ती परत वाढवा. विझला तर सगळेच खाली, नव्याने टिचकी.

हे खालचे कण इतके त्रासदायक का? शीथमध्ये आयन खाली वाहत असतात. वरच्या कणाजवळून जाताना ते वाकतात आणि त्याच्या पाठीमागे धनभाराचा झोत जमतो. खालचा कण त्या झोताकडे ओढला जातो आणि वरच्याच्या बरोबर खाली येऊन उभा राहतो. पण खालचा कण वरच्याला तितक्याच जोराने ओढत नाही. क्रिया-प्रतिक्रिया इथे जुळत नाहीत, कारण वाहणारे आयन या व्यवहारातला तिसरा पक्ष आहेत. त्या असमतोलातून थराला सतत ऊर्जा मिळते आणि दाब कमी असेल तर तो आपोआप तापून वितळतो. म्हणून एका थराच्या मोजमापाआधी खालचा एकही कण शिल्लक ठेवू नका.

तपासा: वरून षटकोनी जाळी दिसते, बहुतेक कणांना सहा शेजारी आहेत, अंतर ०.३ ते १ मिलिमीटर आहे आणि बाजूने एकच रेघ दिसते. या चारही गोष्टी जुळल्या तरच स्फटिक म्हणा.

थर गोल फिरत असेल तर वायूचा झोत आधी बघा. आरगॉनचं तोंड कणांकडे रोखलेलं नको आणि प्रवाह जमेल तितका कमी. थर एका बाजूला झुकलेला असेल तर इलेक्ट्रोडची पातळी. मध्ये भोक पडलं असेल तर शक्ती जास्त आहे, कमी करा.

## टप्पा ७: मोजमाप

भार मोजायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे उभा अनुनाद. खालच्या इलेक्ट्रोडला फिल्टरमधून हलका कमी वारंवारतेचा व्होल्टेज द्या, ५ ते ३० हर्ट्झ अर्ध्या-अर्ध्या हर्ट्झने चढा, प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद थांबा आणि बाजूच्या कॅमेऱ्यातून झोका मोजा. मग तेच उतरत करा. चढताना आणि उतरताना शिखर वेगळ्या जागी आलं तर झोका फार मोठा आहे, व्होल्टेज निम्मा करा.

समजा शिखर १५ हर्ट्झला आलं. शीथमधलं क्षेत्र सरळ रेषेत वाढतं आणि भार बदलत नाही असं मानलं, तर गुरुत्वत्वरण भागिले कोनीय वारंवारतेचा वर्ग, म्हणजे ९.८ भागिले ८९०० च्या आसपास, १.१ मिलिमीटर. कण शीथच्या काठाखाली इतका खोल बसला आहे. यात भार येतच नाही, म्हणून ही तपासणी अमोल आहे. बाजूच्या चित्रात दिसणारी खोली याच्या दुपटीहून जास्त निघाली तर तुमचं गृहीतक किंवा पिक्सेलचं माप चुकलं आहे. भारासाठी क्षेत्राचा उतार लागतो आणि तो धुळीआधी प्रोबने मोजलेल्या प्लाझ्माच्या घनतेवरून अंदाजाने काढावा लागतो. त्यामुळे भारात २०-३० टक्क्यांची अनिश्चितता लिहिणं हा प्रामाणिकपणा आहे.

आता तापमान. इथे चांगले विद्यार्थीही फसतात. कणांचे वेग काढायचे, वेगाच्या वर्गाची सरासरी घ्यायची, वस्तुमानाने गुणायचं, झालं तापमान. पण ९ मायक्रोमीटरच्या कणाचा खोलीच्या तापमानाला एका दिशेतला औष्णिक वेग सेकंदाला फक्त ८५ मायक्रोमीटर असतो. कणाचं केंद्र काढताना १ मायक्रोमीटरची चूक झाली, म्हणजे पिक्सेलला २५ मायक्रोमीटर असताना पिक्सेलच्या पंचविसाव्या भागाची, आणि कॅमेरा सेकंदाला ६० चित्रं घेत असला, तर त्या चुकीतून निघणारा खोटा वेगही ८५ मायक्रोमीटरच येतो. कण खोलीच्या तापमानालाच असला तरी तापमान दुप्पट दिसतं. यावर कॅमेरा वेगवान करावा असं वाटतं, पण त्याने चूक वाढते. तीच चूक कमी वेळाने भागली जाते.

उपाय असे. इलेक्ट्रोडवर पडून राहिलेला कण त्याच प्रकाशात १००० चित्रांत ट्रॅक करा, त्याच्या जागेचा खोटा हलता भाग मोजा आणि वेगाच्या वर्गातून वजा करा. वेग काढायला लगतची चित्रं न वापरता दोन-तीन चित्रांचं अंतर सोडून बघा. तापमान त्यावर अवलंबून बदलत असेल तर अजून ती चूकच मोजली जाते आहे. केंद्रांच्या स्थानांचे अपूर्णांक आलेखात मांडा. ते पूर्णांकांजवळ गर्दी करत असतील तर पिक्सेल-लॉकिंग आहे, म्हणजे केंद्रं पिक्सेलच्या मध्याकडे ओढली जात आहेत, कॅमेरा आणखी थोडा धूसर करा. ट्रॅकिंगला इमेजजे किंवा पायथनमधलं ट्रॅकपाय पुरतं.

भार, अंतर आणि तापमान हातात आले की युग्मन गुणांक, म्हणजे शेजाऱ्यांमधली विद्युत ऊर्जा भागिले औष्णिक ऊर्जा. १५ हजार इलेक्ट्रॉन, अर्धा मिलिमीटर अंतर आणि खोलीचं तापमान घेतलं तर तो २५ हजारांच्या घरात येतो. प्लाझ्माच्या झाकण्याने तो काही पटींनी घटतो, तरी उंबरठ्याच्या खूप वर राहतो. निव्वळ कूलॉम प्रतिकर्षणाच्या त्रिमितीय व्यवस्थेत स्फटिक १७० च्या आसपास गोठतो. तुमचा आकडा १० आला आणि चित्रात जाळी स्पष्ट असेल तर चित्र खरं, आकडा चुकला. बहुधा तापमान.

तपासा: सुरुवातीला आणि शेवटी अनुनाद पुन्हा मोजा. मेलामाइनचे कण प्लाझ्मात हळूहळू झिजतात, वस्तुमान घटतं आणि शिखर सरकतं. दोन तासांपेक्षा जुन्या थरावर नवी मालिका सुरू करू नका.

## प्रश्न आधी ठरवा

उपकरण एकच असलं तरी प्रश्नाप्रमाणे मांडणी बदलते, म्हणून ते आधी ठरलेलं बरं. वितळणं आणि स्फटिकातले दोष बघायचे असतील तर वर सांगितलेली मांडणी पुरते. दाब अर्ध्या-अर्ध्या पास्कलने उतरवत जा आणि सहा शेजारी असलेल्या कणांची टक्केवारी मांडा. अणूंच्या बाबतीत अप्रत्यक्ष कळणाऱ्या गोष्टी इथे कणाकणाने दिसतात.

धूलिध्वनी लाटा, म्हणजे धुळीच्या ढगातून ध्वनीसारख्या जाणाऱ्या दाट-विरळ लाटा, हव्या असतील तर आरएफ सोडून डीसी ग्लोकडे (एकदिश विजेच्या प्लाझ्माकडे) वळा, केओलिन घ्या. लाटा सेकंदाला काही सेंटिमीटर वेगाने जातात, त्यामुळे साध्या कॅमेऱ्यातही दिसतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत डीसी ग्लोमधल्या धुळीवर बरंच काम होतं, तिथल्या मांडण्या कॉलेजच्या आवाक्याच्या अगदी बाहेरच्या नाहीत. त्रिमितीय ढग जमिनीवर गुरुत्वामुळे चपटा होतो, म्हणून तसे प्रयोग अंतराळ स्थानकावर पीके-४ सारख्या उपकरणांत केले गेले आहेत. त्याच्या नादी एमएस्सीत लागू नका. चिप बनवण्याच्या प्लाझ्मात वेफरजवळ (सिलिकॉनच्या चकतीजवळ) साचणारे कण किंवा संलयन यंत्रांत भिंतींतून सुटणारी धूळ हे विषय घ्यायचे असतील तर मुख्य मोजमाप तुमचं भार आणि कणाची उंची हेच राहील, स्फटिक नव्हे.

## टप्पा ८: बंद करणे

आधी लेसर बंद. मग आरएफ बंद करा, कण इलेक्ट्रोडवर पडतील. दोन मिनिटं थांबा. मग आरगॉन बंद, मग पंपाचा व्हॉल्व्ह, मग पंप. चेंबरमध्ये हवा सोडताना बारीक व्हॉल्व्हमधून दहा मिनिटं घ्या. झटक्यात सोडली तर पडलेली धूळ उडून खिडक्यांवर, लेसरच्या वाटेवर आणि पंपाच्या नळीत बसते, आणि पुढच्या वेळी पंप सुरू होताच तीच धूळ तेलात जाते.

इलेक्ट्रोड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने आणि लिंट नसलेल्या कापडाने पुसा, कोरडा ब्रश वापरू नका. डबी चेंबरमध्ये ठेवू नका, सिलिका जेलच्या बरणीत परत जाऊ द्या. नोंदवहीत दाब, गेजचा प्रकार, व्होल्टेज, बायस, टिचक्यांची संख्या आणि खोलीचं तापमान लिहूनच कुलूप लावा.